केसभर हललं तर

तिसऱ्यांदाही चित्र बिघडलं. पडद्यावर रणजीत राठोडच्या मेंदूच्या कडा एकावर एक दोनदोनदा उमटल्या होत्या, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी जो भाग बारकाईनं पाहायला सांगितला होता, नेमका तोच पुसट आला होता.

शीतल पाईकराव हिंगोलीच्या त्या तपासणी केंद्रात चार वर्षं एमआरआय काढत होती. डोकं थोडं हललं तर ते मोजून चित्र दुरुस्त करायची सोय मशीनमध्ये होती. किती हललं याची रेघही पडद्यावर बाजूला उमटायची. तिनं ती रेघ पुन्हा पाहिली. मशीन शांत असताना रेघ सरळ. खडखडाट सुरू झाला की डोकं डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सावकाश. घाबरलेला माणूस दचकतो, मग निवतो. हे तसं नव्हतं.

‘पेशंट हलला, चित्र अस्पष्ट’ एवढं लिहून तिला मोकळं होता आलं असतं. बाहेर आणखी चार जण थांबले होते. ती आत गेली, टेबल बाहेर घेतलं आणि त्याच्या डोक्याभोवती बसवलेला मशीनचा प्लास्टिकचा पिंजरा काढला.

रणजीत गोरेगावजवळच्या तांड्यावरचा, चाळिशीतला, गोरेगाव ते हिंगोली जीप चालवणारा. तो छताकडे बघत पडून राहिला.

“दादा, तुमचं डोकं हलत न्हाई. तुमी हलवून राहिले.”

 बायको कुठं आहे, असं त्यानं विचारलं. मिना बाहेर बाकावर बसली होती आणि दार बंद होतं. ते कळल्यावर तो बोलायला लागला.

महिन्यापूर्वी सेनगावच्या अलीकडे त्याची भरलेली जीप रस्ता सोडून सोयाबीनच्या रानात शिरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि रणजीतनं गाडी रानात घालून सोळा जीव वाचवले, असं मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं आणि तेच गावभर झालं. बाजाराच्या दिवशी लोकांनी त्याला हार घातला. पुढं एकदा जेवताना त्याच्या हातातून ताट पडलं, नजर थिजली, तेव्हा मिनानं त्याला हट्टानं नांदेडला नेलं. जीपचं मात्र त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही.

“रोही न्हवताच, म्याडम,” तो म्हणाला. “मला काई यादच न्हाई. डोळे उघडले तर गाडी रानात.”

फोटोत काही निघालं तर गाडी चालवणं सुटेल का, असं त्यानं विचारलं. ते डॉक्टर सांगतील, शीतल म्हणाली. पण चित्र नीट आलं तर औषध कुठलं द्यायचं हे त्यांना कळेल. मग आज कशानं आलात, असं तिनं विचारलं. त्यानं तोंड भिंतीकडे वळवून सांगितलं. सकाळी पंधरा माणसं घेऊन तो स्वतःच जीप चालवत आला होता.

शीतलला राग आला. तिची आई दर आठवड्याला सेनगावहून अशाच जीपनं यायची.  शीतलनं पिंजरा पुन्हा लावला आणि त्याच्या दोन्ही कानांशी स्पंज घट्ट बसवले.

“केसभर हललं तर मशीन सावरून घेतं, दादा. एवढं न्हाई सावरत.”

सात मिनिटं खडखडाट चालला. रेघेवर श्वासाचे बारीक चढउतार तेवढे दिसत होते. चौथ्या मिनिटाला छोटे छोटे हिसके आले, हुंदक्याचे असावेत. तेवढे मशीननं सावरले. चित्र स्वच्छ आलं. शीतलनं ते एकदा पाहिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. 

स्टँडवर संतोष नावाचा ओळखीचा ड्रायव्हर रिकामा बसला होता. रणजीतनं आपल्या जीपची किल्ली त्याच्या हातात दिली. आजच्यापुरती का, असं संतोषनं विचारलं.

“आजपासून,” रणजीत म्हणाला.

काहून म्हणून मिनानं विचारलं, तेव्हा त्यानं तिला बाजूला घेऊन गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, सगळं सांगितलं. त्या सोळा जणांत मिनाची आई होती. 

जीप भरली. संतोषनं रणजीतला पुढच्या सीटवर बोलावलं, पण तो गेला नाही. नवरा-बायको अगदी मागच्या फळीवर बसले. गाडी शहराबाहेर पडली. वळण आलं की रणजीतचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. तिसऱ्या वळणाला मिनानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय तरीही दाबतच राहिला.