मनगटाची सुट्टी

आठवडी बाजाराच्या गर्दीत वडिलांचा, अण्णांचा हात धरून चालताना मृणालिनीच्या डाव्या मनगटावरचा पट्टा नारिंगी झाला.

उजवा हात दुपारीच झोपला होता. माउस फिरवण्याचा, काही धरण्याचा दिवसभराचा ताण वाढला, की कंपनीचा पट्टा आधी नारिंगी व्हायचा आणि ताण मर्यादेला पोचला, की लाल होऊन मनगट वाचवण्यासाठी पंजाच सकाळपर्यंत लुळा पाडायचा. पण गिऱ्हाइकाच्या लग्नाचा अल्बम आजच द्यायचा होता. मग ऑफिसात सगळेच करतात तसा तिनेही माउस डावीकडे घेतला. संध्याकाळी अण्णांना बाजारात न्यायचंय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

गेल्या महिन्यात अण्णा अशाच गर्दीत हरवले होते. घरचा पत्ता सोडाच, स्वतःचं नावही त्यांना सांगता आलं नव्हतं.

"अण्णा, चला ना, पटकन घरी जाऊ."

"आधी भुईमुगाच्या शेंगा," अण्णा हटून बसले.

पट्टा लाल झाला. तिची बोटं एकेक करून सुटली. "अण्णा, थांबा!" ती किंचाळली.

अण्णा कुठेच गेले नव्हते. तिचा लुळा पंजा त्यांनीच घट्ट धरून ठेवला होता.

"रडू नकोस बाळा," ते म्हणाले, "तुझे आईवडील सापडेपर्यंत मी सोडणार नाही."