रडणारा दगड

"मूल गेलेल्या आईजवळ बसून रडणारा दगड हा या संग्रहातला सर्वांत सुंदर चमत्कार आहे," प्रबंधाच्या खुल्या परीक्षेत शर्वाणी म्हणाली आणि पहिल्या रांगेतले तिचे ग्रीकचे गुरू, ऐनापुरे सर, मनातून सुखावले.

तो दगड सरांनीच रचला होता. प्राचीन ग्रीक चमत्कारांचा तो संग्रह संपादताना त्यांनी एक उतारा पदरचा घुसवला होता; मूळ हस्तलिखित न पाहता त्यांचीच प्रत ढापणारा एखादा पंडित तोंडघशी पडावा म्हणून. पंडित कुणी सापडला नाही. शर्वाणी मात्र सरांवर विसंबून त्याच दगडाचा अर्थ लावत बसली. आपलं लिखाण कुणीतरी इतकं वाखाणतंय, म्हणून सरांनीही तिला अडवलं नाही.

परीक्षकांनी हस्तलिखिताचा फोटो पडद्यावर लावला. "बाई, यात तुमचा दगड कुठे आहे?"

शर्वाणी निर्धास्तपणे वळली. "सर, तुम्हीच सांगा ना यांना."

सर उठले. "चोर पकडायला मी सापळा लावला होता," ते हसून म्हणाले. "आज सापडला."

सभागृहात हशा पिकला. शर्वाणी अजून त्यांच्याकडेच बघत होती, सर पुढे काहीतरी बोलतील म्हणून.