उशिराची एकच ऑर्डर

"ही मोजपट्टी ज्यांनी काढली ना, त्यांनी जन्मात कधी मालासाठी फोन केलेला नाही. वर बसून माणसं मोजायला अक्कल लागत नाही, म्हणून तर तुम्हा लोकांचं चाललंय."

हे तो मोठ्यानं बोलला, आणि तेही मुख्य कचेरीतून आलेल्या माणसाच्या तोंडावर. खरेदी विभागाच्या कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मुख्य कचेरीच्या या माणसाला सगळे मोजणीसाहेब म्हणत. मुदत उलटून गेली तरी माल आलेला नाही अशा ऑर्डरी कुणाकडे किती, हे ते दर महिन्याला मोजायचे आणि भिंतीवर प्रत्येक खरेदीदारापुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका चिकटवायचे. एक ऑर्डर जरी रखडलेली असली तरी लाल. सलग तीन महिने लाल राहिला की खरेदीतून उचलबांगडी आणि रवानगी गोदामात. तिथं पगार तोच. फक्त पुरवठादारांशी बोलणं नाही, फोन नाही.

त्याचा हा तिसरा लाल ठिपका होता.

"चिडू नका," मोजणीसाहेब म्हणाले. "पट्टी सगळ्यांना सारखीच आहे."

"सारखी?" त्यानं शेजारच्या टेबलाकडे हात केला. "हिचा माल आला नाही, की संध्याकाळी पर्स उचलायच्या आधी ही मुदतच पुढं ढकलते. म्हणून ही हिरवी. तुम्ही काम नाही मोजत, लबाडी मोजता."

शेजारच्या टेबलावरच्या तारीखबाईंना राग आला नाही. "मला कशाला गोवतोस रे? तुलाही शिकवलं होतं मी. तूच मोठा धुतल्या तांदळासारखा."

मोजणीसाहेबांनाही हसू आलं. शेवटी तेही माणूसच. "मुदतींचं मी बघतो, बाई. पण यांचं दुखणं वेगळं आहे. त्या स्प्रिंगवाल्या बाई. त्यांचा सगळा माल वेळेवर, फक्त एक ऑर्डर रखडलेली. ती आली की पुढची रखडते. कायम एकच, कधी दोन नाहीत. आणि हे रजेवर होते तेव्हा तुम्ही एक फोन केलात, तर?"

"तर दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात," तारीखबाई म्हणाल्या. "गेटवाल्याचा चहासुद्धा संपला नव्हता."

"म्हणजे दोष पुरवठादारात नाही." मोजणीसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्यात आहे."

मघाशी एवढा ताडताड बोलणारा तो आता टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

त्या बाईंचा माल तो नोकरीला लागायच्या आधीपासून येत होता. दर वरच्यांनीच ठरवलेले. त्याच्याकडे माल वेळेत आणायचं तेवढं काम. रोज सकाळी तो त्यांना फोन लावायचा. बाई जहाल. बिनकामाचा फोन ठेवून द्यायच्या. त्यांचं बोलणं ऐकायला सगळा विभाग हातातलं काम सोडायचा.

"लावा फोन," मोजणीसाहेब म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असा. माल कधी ते आत्ता ठरू दे. नाहीतर उद्यापासून त्या बाईंचं सगळं शेजारच्या टेबलाकडे, आणि तुम्ही गोदामात."

त्यानं फोन लावला. आसपासच्या खुर्च्या आपोआप जवळ सरकल्या.

"बोला साहेब." मागं यंत्राची खडखड. "कामाचं बोला."

"दोनशे स्प्रिंगा, बाई."

"होतील की."

"कधी?"

"हाताखाली माणूस नाही. एक होता, चांगला तयार केलेला. त्याला टेबलाची नोकरी हवी होती, गेला. कामाशिवाय माझ्याशी बोलू नकोस, असं मीही रागानं बोलून बसले, आणि बोललेलं गिळायची मला सवय नाही. तेव्हापासून असंच चाललंय."

"हे रोजचंच रडगाणं," तारीखबाई कुजबुजल्या.

"खोकला कसाय?" त्यानं विचारलं.

"खोकल्याची ऑर्डर दिलीत का तुम्ही?"

विभागात हशा पिकला.

"पुरवठादाराची तब्येत हीसुद्धा जोखीम असते, बाई."

"मग जोखमीला सांगा, औषध चालू आहे. आणि तुमचा आवाज का बसलाय? फ्रीजचं पाणी प्यायलात ना?"

"नाही."

"थापा मारू नका, साहेब."

मोजणीसाहेबांचा धीर सुटला. ते फोनवर वाकले. "बाई, मी मुख्य कचेरीतला माणूस. तुमच्यापायी यांची खुर्ची चाललीये. उद्यापासून यांचा फोन येणार नाही. खरं सांगा, माल तयार नाही?"

पलीकडची खडखड थांबली. बाईंनी यंत्र बंद केलं होतं. एवढ्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं.

"तयार आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कधीचा बांधून ठेवलाय."

"मग पाठवत का नाही?"

"पाठवला तर ते फोन कशाला करतील?"

मोजणीसाहेब सरळ झाले. एकदा फोनकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. भिंतीवरच्या कुठल्याच रंगात हे बसत नव्हतं. तारीखबाईंच्या भुवया तर कपाळावर जाऊन बसल्या.

"वय काय रे या बाईंचं?" त्यांनी हळूच विचारलं. "घरी बायकोला माहीत आहे का हे?"

तो हसायला लागला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसला असेल. हसता हसता त्यानं फोन जवळ ओढला.

"टेम्पो आजच पाठव," तो म्हणाला. "मला खरेदीत ठेवोत नाहीतर गोदामात टाकोत, मी रोज फोन करणार. काम असो नसो. उचलशील ना? गप्प बसू नकोस, सांग, आई."