नवी कडी

केतकीने बाथरूमची नवी कडी लावली, काढली आणि पुन्हा लावली. त्या खटक्याचं तिला भारी कौतुक वाटलं.

पाचवीत तिला पहिली फिट आली, तेव्हाच बाबांनी जुनी कडी उपसून टाकली होती. आईचं फर्मान निघालं होतं, आत असेपर्यंत मोठ्याने गात राहायचं. गाणं थांबलं की आई हातातल्या झाऱ्यासकट आत. कित्येकदा केतकी बिचारी नुसती पुढची ओळ विसरलेली असायची.

गोळ्यांमागून गोळ्या बदलल्या, फिट काही हटेना. शेवटी मेंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षांत एकदाही फिट आली नाही, तेव्हा काल डॉक्टरच म्हणाले, "आता खुशाल कडी लाव."

म्हणून आज गाणं बंद. हाक मारणार नाही, असं आईकडून वदवूनही घेतलं होतं. आई ते पाळेल यावर मात्र घरात कुणाचाच विश्वास नव्हता.

पण बाहेर हाक नाही, थाप नाही, साधी बांगडीही वाजेना. केतकीने नळ बंद करून दाराला कान लावला.

"आई?"

तिने पुन्हा हाक मारली. ओल्या अंगावर गाऊन चढवून तिने दार उघडलं. आई समोरच उभी होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

"ओ का देत नव्हतीस? किती घाबरले मी!"

"एवढ्यातच?" आईने बोळा काढला. "सरक, आता मी जाते अंघोळीला."

आतून कडी लागली. पाठोपाठ गाणं सुरू झालं, केतकीपेक्षाही बेसूर. मध्येच आई ओळ विसरली, तेव्हा दाराशी बसलेल्या केतकीने ती बाहेरून पुरवली.