वासंतीबाईंचा अंगठा

सुज्ञ वाचकहो, एका वृद्ध शेतकरी मातेच्या उजव्या अंगठ्याने एका रविवारी काय केले, ते मी आता आपल्यासमोर यथाशक्ती कथन करणार आहे. प्रसंग लहान आहे. तथापि तो आपण शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

वाघोलीतील एका सेवा केंद्रात वासंतीबाई आपला मुलगा संतोष याच्यासमवेत बाकावर बसल्या होत्या. गतवर्षीच्या पुराने शिरूर तालुक्यातील त्यांचे शेत खरवडून नेले होते. त्याचे सरकारी अनुदान मंजूर झाले होते; केवळ यंत्रावर अंगठा ठेवून ओळख पटवणे शेष होते. वासंतीबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तीत एक लुगडे व फडक्यात गुंडाळलेले खुरपे होते.

"आई, ही पिशवी कशाला आणलीस?"

"तूच म्हनला व्हता न्हवं, अंगठा न्हाई आला तर गावच्या तलाठ्याम्होरं उभं ऱ्हावं लागंल. मंग हितनंच जाऊ की."

"आधी येतो का ते तर बघू."

"न्हाई यायचा," वासंतीबाई निश्चिंतपणे म्हणाल्या. "रेशनच्या दुकानात तरी कधी आला व्हता?"

ते सत्यच होते. आयुष्यभर खुरपणी आणि कांदाकापणी करून त्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. पुरानंतर संतोषने आईस आपल्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत आणले. तेथे कपडे यंत्र धूत असे आणि भांडी कामवाली घाशीत असे. मुलगा व सून सकाळीच हिंजवडीस कामाला जात. दार लागले की सायंकाळपर्यंत वासंतीबाईंशी शब्द बोलणारे कोणी नसे.

"चला, पुढचे कोण?" केंद्रातील सुरुची नावाच्या मुलीने पुकारले. "या आजी. अंगठा केसांवरून फिरवा आणि इथे ठेवा. दाबा नीट. चावत नाही ते."

वासंतीबाईंनी हसतमुखाने अंगठा ठेवला. तत्क्षणी यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"आला! पहिल्याच फटक्यात!" सुरुची उद्गारली. "आजी, शेतकऱ्याचा अंगठा असा कधी येत नाही हो. सकाळपासून एकेकाला दहा-दहा वेळा दाबायला लावतेय मी."

वासंतीबाईंचे हास्य मावळले.

"परत येकदा बघा की, ताई. मशीन चुकलं आसंल."

"चुकलं असतं तर नाही म्हणालं असतं, आजी. चुकून हो म्हणायची त्याला सवय नाही."

संतोषला अतिशय आनंद झाला. "बघ, झालं ना काम! आता पैसे थेट बँकेत येतील. गावाला जायची गरजच उरली नाही."

नळीच्या दिव्याखाली धरून वासंतीबाईंनी अंगठा न्याहाळला. त्यावर बारीक, स्वच्छ रेषा उगवल्या होत्या. तो दुसऱ्याच कोणा बाईचा असावा, तशा त्या त्याकडे पाहत राहिल्या.

बाहेर संतोषने गाडी सुरू केली. रस्त्यापलीकडे शिरूरची पाटी लावलेली एसटी उभी होती. उतारू चढत होते.

"बस ना, आई. काय बघतेस?"

"काय न्हाई."

त्या मागे बसल्या. गाडी सदनिकेच्या दिशेने वळली. तेव्हा त्यांनी पिशवीत हात घातला आणि फडक्यातील खुरप्याची मूठ घट्ट धरली.

मुठीचे लाकूड त्यांच्या तळहाताला टोचले.

मला सांगावयाचे होते ते येथे संपले. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
संभाजी रामचंद्र दरेकर, वाघोली