एकाआड एक कोरं पान

पान नऊ भरलेलं, पान दहा कोरं. पान अकरा भरलेलं, पान बारा कोरं. प्रिंटरमधून कागद बाहेर पडत होते आणि इस्पितळाच्या कचेरीतल्या मावशी सराईत हाताने कोरी पानं उपसून बाजूला टाकत होत्या. ते बघून उस्तादला हसू आवरेना.

"आणि ह्याच्यापुढे माणसांनी हात टेकले?"

"तिघांनी," अधीक्षक म्हणाले. "दोन-दोन तास बसले आणि 'नाही होत' म्हणून चालते झाले."

"गाढवं आहेत, दुसरं काय! दहा मिनिटांचं काम आहे साहेब हे."

कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून धंद्यातले लोक त्याला उस्ताद म्हणत. मनातल्या मनात तोही स्वतःला तेच म्हणे. इथलं दुखणं तर त्याने दारातूनच ओळखलं होतं. इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णांची यादी रोज सकाळी डेटाबेसमधून छापली जाई आणि वॉर्डावॉर्डात पोचे. त्या यादीची रुंदी कागदापेक्षा बोटभर जास्त होती. ते जास्तीचं बोट बिचारं जाणार कुठे? पुढच्या कागदावर. आणि त्यात छापण्यासारखं काहीच नसल्यामुळे तो कागद कोराच्या कोरा बाहेर येई.

कोऱ्या पानांचा गठ्ठा घेऊन मावशी आतल्या खोलीत गेल्या, तसा अधीक्षकांनी आवाज खाली आणला. "हे एकदा जमलं ना, की मावशींची जागाच रद्द. कोरी पानं काढायची आणि याद्या पोचवायच्या, एवढ्यासाठी एक अख्खं माणूस? मी वर कळवूनसुद्धा टाकलंय. आणि चारही मजल्यांवरच्या कॉम्प्युटरचं वर्षभराचं काम तुम्हाला."

चार मजले! उस्तादला मनातून गुदगुल्या झाल्या. असं एखादं काम मिळावं म्हणून दोन वर्षं तो उंबरे झिजवत होता. मावशींचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण काय करणार, असं म्हणून त्याने खुर्ची पुढे ओढली.

थोड्या वेळाने मावशींनी चहा आणून ठेवला.

"होईल का हो दुरुस्त?"

"होईल की."

"मग मला घरी बसवतील." कप नीट त्याच्या हाताशी सरकवत त्या म्हणाल्या, "साहेबांना वाटतं, मला ऐकू येत नाही. अजून अकरा महिने निघाले असते तर पेन्शन बसली असती. घरात मिळवती मी एकटीच ना." मग त्याच ओशाळल्या. "पण तुम्ही करा तुमचं काम. तुमची काय चूक त्यात? साखर पुरे आहे ना?"

त्यापेक्षा बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं उस्तादला वाटलं.

त्याने समास कमी केले. कोरं पान आलंच. रकाने आवळले. तरी आलं. मूळ रुंदीच कमी करायला गेला, तर ती जागची हलेना. दहा मिनिटांची चाळीस झाली आणि उस्तादला घाम फुटला. छे, काहीतरी अडतंय खास! शेवटी यादीचा आराखडा उघडून तो उजव्या कडेला, जिथे कागद संपतो त्याच्याही पलीकडे, माउस फिरवत बसला. आणि तिथे काहीतरी हाताला लागलं. एक बारीकशी चौकट. दिसायला काही नाही, पण तिनेच सगळी यादी ताणून धरली होती.

"सापडलीस होय!" तो पुटपुटला. एक बटण दाबलं की संपलं. बोट बटणावर गेलंसुद्धा. पण रिकामी चौकट कागदाबाहेर काढून ठेवील कोण? त्याला राहवेना. नीट बघितलं, तर आत पांढऱ्यावर पांढरी अक्षरं होती. त्याने ती काळी केली.

'हात लावू नये. ही काढली तर मावशींची नोकरी जाईल. त्यांची अजून सात वर्षं राहिलीत. – जुना ऑपरेटर.'

चार मजले उस्तादच्या डोळ्यांपुढून हलेनात. पलीकडे मावशी वॉर्डाप्रमाणे याद्या लावून टाचत होत्या. मजकूर खाली अजून असावा असं वाटलं, म्हणून त्याने चौकट ओढून मोठी केली. आणखी तीन ओळी निघाल्या. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या.

'पाच राहिली.'

'तीन वर्षं, दोन महिने. चहा झकास करतात.'

'दोनच राहिलीत. पुढच्याने सांभाळून घ्यावं.'

तीन ओळी. तीन गाढवं. उस्तादच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग त्याने खाली चौथी ओळ लिहिली, 'अकराच महिने.' चौकट होती तेवढी लहान केली, अक्षरं पुन्हा पांढरी केली, समास आणि रकाने जिथल्या तिथे नेऊन ठेवले आणि तो उठला.

"नाही होत, साहेब."

"नाही होत? अहो, दहा मिनिटांचं काम म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो," उस्ताद म्हणाला आणि त्याने पिशवी खांद्याला लावली.

अधीक्षकांनी त्याच्या तोंडावरच फोन उचलला. "दुसरा कोणी असेल तर बघा हो! हाही गाढवच निघाला!"

पायऱ्यांपर्यंत पोचला, तर मागून मावशी लगबगीने आल्या. हातात अर्धा कप चहा होता आणि चेहऱ्यावर त्याच्याबद्दलची कणव.

"वाईट वाटून घेऊ नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनाच कुठे सगळं येतं?"