पुन्हा काळभैरव

एकोणीसशे एकतीस साल. बोर्ली पंचतनचे त्र्यंबकमास्तर दरसालप्रमाणे बायकोला घेऊन हरिहरेश्वरला निघाले आणि बैलगाडीत वाटभर दरसालचाच धडा देत राहिले. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, शेवटी पुन्हा काळभैरव. क्रम चुकला की यात्रा फुकट! "नीट लक्षात ठेव गोदू, तुझं ध्यान कुठंच नसतं."

काळभैरवाला हात जोडून मास्तर तरातरा पुढे गेले आणि हरिहरेश्वरापुढे पाटावर बसले. संकल्प सांगताना गुरुजींनी विचारलं, "सपत्नीक ना?"

"अर्थात!" मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

गुरुजी खाकरले. मास्तरांनी डोळे उघडले, तर शेजारचा पाट रिकामा.

धोतर सावरत ते पार समुद्रापर्यंत धावले, तीन परक्या बायकांना "गोदू" म्हणून हाका मारून बोलणी खाल्ली आणि शेवटी धापा टाकत काळभैरवाच्या देवळात शिरले. गोदूताई मंडपात खांबाला टेकून निवांत बसल्या होत्या.

"अगं, इथं काय करतेस?"

"शेवटी इथंच परत यायचं असतं ना? तुम्हीच तर सांगता."



मग पदर सावरत त्या उठल्या. "गेल्या वर्षीही इथंच बसले होते."